राहिलेलं जावळ

जीवनने हे केस हौसेने वाढवले असते, तर लोकांचं बोलणं त्याला थोडंफार सोसवलं असतं. आपल्या हौसेपायी माणूस काय काय ऐकून घेतो. पण हे केस त्याचे नव्हतेच. ते होते त्याच्या आईचे, आणि आईला विचारलं तर तिच्या भावाचे. जीवन नुसता ते डोक्यावर घेऊन हिंडत होता. जन्मापासून हिंडत होता, आणि आता त्याची चाळिशी जवळ आली होती.

जिंतूर रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर तो कामाला होता. केस मोकळे सोडले तर कमरेच्या खाली जायचे. त्यांना पीळ घालून अंबाडा बांधायचा, त्यावर रुमाल आवळायचा आणि त्या रुमालावर पंपाची टोपी कशीबशी टेकवायची, असा त्याचा रोजचा सकाळचा कारभार. एवढं करूनही झाकायचं ते झाकलं जात नसे. गाडीवरून उतरणाऱ्याला रुमालाखाली काय आहे ते पहिल्या नजरेत कळायचं. पेट्रोल भरायला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटांत कुणाची ओळख होत नाही, अपमान मात्र आरामात होतो.

"ताई, पाचशेचं टाका," असं कुणी म्हणालं की मागे बसलेला हसायचा. हा सगळ्यात सौम्य प्रकार. कुणी बोटं फाकवून टाळी वाजवायचा आणि आशीर्वाद मागायचा. वऱ्हाडाची जीप थांबली की आतली पोरं खिडकीतून डोकी काढून त्याला लग्नाची मागणी घालायची आणि पुढच्या सीटवरची वडीलधारी मंडळी मिशीत हसायची. एकदा नळी टाकीत असताना एकाने मागून रुमालच उपसला. अंबाडा सुटला, केस पाठीवर पडले आणि रांगेतल्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. जीवनला नळी सोडता येईना. टाकी भरेपर्यंत तो तसाच उभा राहिला, मग वाकून त्याने खाली पडलेला रुमाल झटकला आणि पुढच्या गाडीला हात केला.

तरुणपणी तो भांडायचा. पिंगळीच्या एका पोराची कॉलर धरून त्याने त्याला हवेच्या यंत्रावर रेटलं होतं. तेव्हा मॅनेजरने त्याला आत बोलावलं. "गिऱ्हाइकाशी भांडायचं आसंल तर आधी केस कापून ये, मग खुशाल भांड," असा मॅनेजरचा न्याय. केस कापल्यावर भांडायचं कशावरून, हे त्या शहाण्या माणसाच्या लक्षात आलं नाही. जीवनने मग चेहऱ्यांकडे बघणंच सोडलं. तो नंबरप्लेटकडे बघायचा. बोलणारा बोलायचा, हा नळी धरून नंबर वाचत राहायचा. उत्तर दिलं की बोलणं लांबतं, एवढं त्याला नीट समजलं होतं.

एसटीत तर निराळाच तमाशा. पुरुष त्याला पाठीमागून बाई समजून शेजारची जागा सोडून द्यायचे, आणि बाया समोरून बघून उठून जायच्या. परभणीपर्यंत त्याच्या शेजारची सीट रिकामी, आणि बस उभ्या माणसांनी गच्च. कुणाला वाटेल मजा आहे. ज्याच्या शेजारी वर्षानुवर्षं कुणी बसत नाही, त्याला विचारावं मजा कशी असते ते.

पंपावर त्याचा एकच दोस्त होता, नागसेन. दोघं एकाच पाळीत, एकाच झाडाखाली भाकरी खाणारे. नागसेन बोलायला फटकळ, पण जीवनवर कुणी टाळी वाजवली की तो आपली रांग सोडून मुद्दाम शेजारी येऊन उभा राहायचा. तो दर महिन्याला एकदा तरी हा विषय काढायचाच.

"कापून टाक की लेका," तो म्हणायचा. "आमच्याकडं असले नवस-फिवस आज्यानं छप्पन सालीच सोडले. काय बिघडलं आमचं?"

"तुझी आई न्हाई ना घरात बसलेली," जीवन म्हणायचा आणि भाकरीचा तुकडा मोडायचा.

आई म्हणजे कडूबाई. चारठाण्याच्या अलीकडच्या एका लहान गावात तिचं घर. जीवनच्या आधी तिला तीन लेकरं झाली आणि तिन्ही पाळण्यातच गेली. चौथ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा तिने गावाबाहेरच्या देवीला हात जोडले. पोर जगलं तर त्याचं जावळ तुझ्यापुढं, माझ्या भावाच्या मांडीवर काढीन, तोवर कात्री लागू देणार नाही, असा शब्द दिला. मामाच्या मांडीवर जावळ काढायचं यात नवं काहीच नव्हतं, सगळ्यांचंच तसं निघतं. पोर जगलं. नाव जीवन ठेवलं. पाचव्या वर्षी जावळ काढायचं ठरलं आणि कडूबाईने सेलूकडच्या आपल्या माहेरी, थोरल्या भावाला, दत्तरावला निरोप धाडला.

पण त्याच साली कडूबाईचा बाप वारला होता. दत्तराव हक्कसोडपत्र घेऊन बहिणीच्या दारात आला. जीवनचा बाप बन्सीधर ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाला, एखादा एकर तरी मागून घे. कडूबाई बावरली आणि भावाला म्हणाली, "दादा, इचार करून सांगते." एवढंच म्हणाली. पण दत्तरावला तेवढं पुरलं. "आजपासून मला बहीण न्हाई," असं अंगणात उभं राहून म्हणाला आणि पाण्याचा पेला तसाच ठेवून निघून गेला. कडूबाईने पुढच्या आठवड्यात अंगठा उठवून कागद पाठवूनसुद्धा दिला. कागद त्याने ठेवून घेतला. शब्द काही परत घेतला नाही.

जावळाच्या दिवशी देवीपुढं मांडव पडला, गावजेवण शिजलं, न्हावी वस्तरा परजून बसला. मामाच्या पाटावर कुणीच नव्हतं. ऊन डोक्यावर आलं, उतरलं, लोक जेवून पांगले. कुणीतरी सुचवलं, चुलतमामाला बसवा, गावातला एखादा मानलेला मामा बसवा. कडूबाईने पोराला उचलून कडेवर घेतलं. "माझा भाऊ जिवंत हाय. आज न्हाई आला तर उद्या येईल. त्याच्या मांडीबिगर कात्री लागायची न्हाई," म्हणाली आणि घरी निघून आली. तो उद्या काही उगवला नाही, आणि कडूबाईनेही आपलं म्हणणं सोडलं नाही.

जीवन शाळेत दोन वेण्या घालून गेला आणि नववीत शाळा सोडून घरी आला. मधल्या काळात काय झालं असेल ते ज्याने खेड्यातली शाळा पाहिली त्याला सांगायला नको. पुढं मुली बघायचा काळ आला. पाहुणे यायचे, चहा घ्यायचे, मुलाच्या पाठीकडे बघायचे आणि कळवतो म्हणून जायचे. कुणीही कळवलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी त्याने एकदा हिय्या केला होता. जिंतूरला जाऊन सलूनमध्ये वीतभर केस कापून घेतले. सगळे कापायची छाती झाली नाही. घरी आला तो रुमाल बांधून. रात्री तेल लावताना कडूबाईच्या हाताला वेणी आखूड लागली. ती तेल लावून उठली. त्याच आठवड्यात बन्सीधर विहिरीवरच्या मोटारीचं बटण दाबायला गेला आणि शॉक लागून जागीच गेला. स्टार्टरची पेटी वर्षभर खराब होती. बन्सीधर स्वतःच चारचौघांत सांगायचा, ही पेटी एक दिवस मला खाणार म्हणून. पण प्रेत अंगणात ठेवलं तेव्हा कडूबाईने एकदाच मान वर करून लेकाच्या वेणीकडे पाहिलं. पुढं आयुष्यात कधी तिने तो विषय काढला नाही. ती शिव्या देती तर जीवनने दुसऱ्याच दिवशी टक्कल केलं असतं. त्या एका नजरेनंतर त्याचा हात कात्रीकडं गेला नाही.

"बापाला स्टार्टरनं मारलं," नागसेन म्हणायचा. "तुझ्या इतभर केसानं न्हाई. तू सोताला लय मोठा समजायलास."

जीवनला हे पटायचं. पटलेलं सगळं माणूस करतोच असं नाही.

कडूबाईचा देवीवर एवढा भरवसा होता असंही नाही. तिचं खरं दुखणं दरवर्षी भाऊबीजेला कळायचं. ज्या बाईला भाऊ नाही ती त्या दिवशी चंद्राला ओवाळते. गल्लीतली केशरबाई दरवर्षी म्हणायची, "चांदोबाला ओवाळ गं, ताट रिकामं नगं ठिऊ." कडूबाई ठाम असायची. "मला भाऊ हाय. चंद्राला काऊन ओवाळू?" ताट करायची, निरांजन लावायची आणि ते विझेपर्यंत उंबऱ्यात बसायची. एकदा ती जीवनला म्हणाली होती, "त्याच्याकडं माझं एवढंच काम राहिलंय बाबा. हे केस हायेत तवर त्याला माझ्या दारात यायचं राहिलंय. केस गेले की तो कशाला येईल?" जीवनला तेव्हा कळलं की आपल्या डोक्यावर नवस नाही, आईचं माहेर आहे. मग कापण्याचा विषय त्याने मनातूनच काढून टाकला.

गेल्या दिवाळीत कडूबाई न्हाणीत घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. वय झालेलं, डॉक्टरांनी मान हलवली. ती बाजेवर पडली ती पडलीच. खाणं सुटत चाललं. दाराशी पाऊल वाजलं की विचारायची, "दादा आला का?" संक्रांत गेली, शिमगा गेला. जीवनने ठरवलं की आता मानापमान पुरे झाले. आपण जायचं, मामाचे पाय धरायचे आणि म्हणायचं, चला, ती जायला लागलीय, तेवढी मांडी द्या.

सेलूच्या पलीकडं मामाचं गाव. गावाचं नाव घेऊन त्याला कायमचा बट्टा लावण्यात अर्थ नाही, शेजारच्या गावात गेला असता तरी हेच झालं असतं. सेलूला रेल्वेतून उतरल्यावर जीवनने मामासाठी नारळ आणि उपरणं घेतलं, घरच्यांसाठी पेढ्यांचा पुडा घेतला. फाट्यावर रिक्षातून उतरला आणि चालत निघाला. गावाच्या अलीकडं एका लिंबाखाली थांबून त्याने डोक्यावरचा रुमाल सोडला. त्या दिवशी केस शिकेकाईने धुतले होते, तेलपाणी केलं होतं. मामाने दार उघडताच काही न सांगता त्याला दिसावं की बहिणीने काय सांभाळून ठेवलंय, असं त्याला वाटलं. सगळा जन्म झाकून ठेवलेले केस त्याने तिथं आपल्या हाताने मोकळे सोडले. चालताना वाऱ्याने ते उडत होते आणि त्याला लाज वाटत नव्हती. मामाच्या गावात कसली लाज.

हापशावर एक चिमुरडी पाणी भरत होती. जीवनने तिला विचारलं, "दत्तरावांचं घर कुठंशी हाय गं?" तिने बोट दाखवलं. त्याने पुडा उघडून तिच्या हातावर पेढा ठेवला. आपल्या आजोळच्या पोरीला माणूस दुसरं काय देणार.

त्या महिन्यात फोनवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फिरत होते. कुठले, कुणाचे, कोणत्या मुलखातले, कुणाला पत्ता नव्हता, पण प्रत्येकाने पाहिले होते. टोळीतली माणसं बायकांच्या वेशात येतात आणि खायला देऊन लेकरं बेशुद्ध करतात, असं त्यात सांगितलेलं. ओट्यावर बसलेल्या चौघांना समोर दिसला केस सोडलेला एक परका पुरुष, आणि त्याच्या पुढ्यात पेढा खाणारी पोर. ते उठले.

"कोण रे तू? कुठला?"

"चारठाण्याकडचा. दत्तरावांचा भाचा हाय मी. त्यांच्याकडंच निघालो."

चौघांचे चाळीस व्हायला वेळ लागला नाही. पहिली थोबाडीत कुणी मारली ते जीवनला दिसलं नाही. पेढ्याचा पुडा हिसकावून एकाने त्याच्या तोंडात पेढे कोंबले, खा म्हणाला आधी तू. त्याने खाल्ले. त्याला काही झालं नाही, तर एकजण म्हणाला, म्हणजे औषध केसात लपवलेलं असेल. जीवन एकच सांगत होता, दत्तरावांना विचारा, मी त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे, कडूबाईचा. गर्दीतला एक जाणता माणूस म्हणाला, थांबा रे, विचारून तर या. दोन पोरं धावत गेली. तेवढा वेळ लोक खरोखरच थांबले. जीवन धुळीत बसून त्या वाटेकडं बघत राहिला. आता मामा येतील, या कल्पनेने त्याला रडू फुटायच्या बेतात होतं. इतक्या वर्षांनी येणार, तेही आपल्याला सोडवायला.

पोरं परत आली. "दत्तरावकाका म्हणले, मला बहीणच न्हाई."

पुढचं कुणी थांबवायचं कारणच उरलं नाही. जाणता माणूससुद्धा मागे सरला. कुणीतरी गोठ्यातून बैलाचे केस कातरायची कात्री आणली. दोघांनी हात धरले, एकाने मानेवर गुडघा दिला. केस दाट होते, कात्री गंजकी होती, टाळूला जागोजाग जखमा झाल्या. सगळे फोन वर धरून उभे होते. हशा चालला होता, आणि तो हशा जीवनच्या ओळखीचा होता. पंपावर तो दोन मिनिटांत संपायचा. इथं तो संपेना.

मधेच एकदा त्याला गर्दीच्या कडेला काठी टेकून उभा असलेला एक म्हातारा दिसला. नाक, कपाळ, खालचा जाड ओठ, सगळं आईचं. म्हाताऱ्याने खाली पडलेल्या केसांच्या ढिगाकडं पाहिलं, मग जीवनच्या तोंडाकडं पाहिलं. तो पुढं येईल असं जीवनला अजूनही वाटत होतं. म्हातारा वळला आणि गल्लीत दिसेनासा झाला.

पोलीस पाटलाने फोन केला होता म्हणून जीप आली आणि जीवन वाचला. आधार कार्ड पाहून, पंपावर फोन लावून खात्री झाली. न्यायला नागसेन आला. त्याने जीवनच्या डोक्यावरची टाक्यांची पट्टी पाहिली आणि थेट म्हणाला, "तक्रार द्यायची. एकेकाचं नाव द्यायचं. व्हिडिओतच समद्यांची तोंडं हायेत."

जीवन नको म्हणाला.

"काऊन नको?"

"जबाबात समदं लिहावं लागतं. कुणाला इचारलं, तो काय म्हणला, ते बी. आईच्या कानावर जाईल."

नागसेन त्या दिवशी त्याच्यावर खरोखर चिडला. परभणीपर्यंत तो पाठ फिरवून बसला. उतरताना मात्र त्याने आपली टोपी काढून जीवनच्या डोक्यावर घातली.

कडूबाईने लेकाला पाहिलं आणि तिचा हात आपोआप त्याच्या मानेकडं गेला, वेणी असायची तिथं. जीवनने सांगितलं, सेलूच्या रस्त्यावर लोकांनी धरलं, पोरं पळवणारा समजले.

"दादाच्या घरापातूर पोचला व्हतास का?"

"न्हाई आई. त्याच्या आधीच."

"त्याला कळलं आसतं तर धावत आला आसता," कडूबाई म्हणाली. मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तिकडूनच तिचा आवाज आला. "आता तो काऊन येईल?" त्या दिवसापासून दाराशी पाऊल वाजलं तरी तिने विचारणं सोडलं. चमचाभर पेज गिळायची आणि तोंड मिटायची. जीवनला आपल्या डोक्याच्या जखमांचं काही वाटेना. आईने वाट पाहणं सोडलं, आता ती फार दिवस राहत नाही, हे त्याला लख्ख दिसत होतं.

पंपावर मात्र सगळं सुरळीत झालं. मॅनेजरने पाठ थोपटली. गिऱ्हाइकं भाऊ म्हणायला लागली, काका म्हणायला लागली. एक पोरगा गाडीवर बसल्या बसल्या फोन पुढं करून म्हणाला, "हे बगितलं का भाऊ? कसला धरला त्यायनी." जीवनने पाहिलं. स्वतःला वरून असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. पोरग्याला समोरचा माणूस तोच आहे हे कळलं नाही, आणि जीवनने त्याला पेट्रोल देऊन वाटेला लावलं.

केस बोटभर वाढले असतील, तेव्हा एका दुपारी घरापुढं गाडी थांबली. आधी एक तरुण बाई उतरली, दत्तरावची सून राजेश्री. तिच्या मागे काठी टेकत दत्तराव. राजेश्री दारातच जीवनला म्हणाली, "मला म्हाईतच नव्हतं ओ दादा, मामंजींना बहीण हाय म्हणून. लगीन झाल्यापास्नं घरात कुणी नाव घेतलं न्हाई. यायनी दोन महिने अन्न गोड लागू दिलं न्हाई आमाला, तवा खोदून इचारलं." ती डोळे पुसून बाजूला झाली.

दत्तराव अंगणात उभा होता. त्याच्या काखेत साडीची पिशवी होती. तो हलक्या आवाजात बोलला. "दोन पोरं आल्ती. तुमाला बहीण हाय का म्हणले. मी न्हाई म्हणलं. कुणीबी इचारलं तर तेच म्हणत आलो मी. कशापायी इचारायलेत ते काय बोलले न्हाईत." काखेतली पिशवी त्याने सावरली. "मागून बगायला आलो, तवा समजलं."

समजल्यावर का वळलात, हे जीवनला विचारायचं होतं. पंपावर इतक्या वर्षांत जी जी उत्तरं गिळली ती सगळी एकदम घशाशी आली. परक्यांचं तो नंबरप्लेट वाचत सोसू शकत होता. हा माणूस परका नव्हता. या माणसासाठी आईने त्याचं लहानपण, त्याचं लग्न, त्याचा सगळा जन्म ओलीस ठेवला होता.

"तिला सांगितलंस का?" दत्तरावने विचारलं.

"न्हाई."

"मग सांगू नगस बाबा."

माफी मागितली नाही. एवढंच म्हणाला. आणि जीवनने ओळखलं की एका वाक्यात या म्हाताऱ्याला आल्या पावली परत धाडणं आपल्या हातात आहे. गल्ली जमा करता आली असती. केशरबाईच्या नातवाच्या फोनमध्ये तो व्हिडिओ अजून असेल.

आतून कडूबाईचा आवाज आला. "कोण हाय रं?"

दत्तरावने मान खाली घातली. काठी दोन्ही हातांनी धरून तो उभा राहिला.

"मामा आलेत, आई," जीवन म्हणाला.

दिवाळीपासून जी बाई उठून बसली नव्हती, तिने कोपर टेकलं आणि अंग वर उचललं. दुखत असणारच, पण तिच्या तोंडावर दुखण्याचं नाव नव्हतं. "दादा," म्हणाली. दत्तराव बाजेच्या कडेला बसला तेव्हा तिने त्याच्या सुरकुतलेल्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. ओरडली नाही, बोल लावला नाही. "केस गेले रं दादा," एवढंच तिने लेकराने खेळणं हरवल्यासारखं सांगितलं.

"जाऊ दे. परत येतेत," दत्तराव म्हणाला.

"परत याला दिस कुठं हायेत आपल्याकडं," असं म्हणून ती चक्क हसली. मग तिला घाई झाली. राजेश्रीला पाट मांडायला लावला, हळदकुंकू काढायला लावलं, कोनाड्यातली कात्री मागितली. "देवीपुढं न्हाई जमलं तर इथं. उगं बोटभर का आसंना, मामाच्या मांडीवर निघू दे. दादा, मांडी घाल. जीवन, बस."

राजेश्रीने जीवनकडं पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. दत्तराव पाटावर कण्हत टेकला, त्याने मांडी घातली. जीवनने आईकडं पाहिलं. तिचे डोळे इतके निवलेले त्याने कधीच पाहिले नव्हते. तो गेला आणि मामाच्या मांडीवर बसला. चाळिशीचा बाप्या, दाढीत पांढरे आलेले. म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवर भार नको म्हणून त्याने दोन्ही तळवे जमिनीला टेकून आपलं वजन आपल्याच हातांवर तोललं. कात्री कानाशी आली तसं त्याचं अंग ताठ झालं. ही कात्री आणि गोठ्यातली ती कात्री, दोन्ही त्याला एकच वाटत होत्या. मामाने बोटभर केस चिमटीत धरले.

"केशरबाई," कडूबाईने बाजेवरून हाक घातली, "ये गं, बग. मी म्हणत नव्हते का."

केशरबाई आली, तिच्या मागे गल्लीतल्या बाया आल्या. दार भरून गेलं. केशरबाईने पाटावरच्या म्हाताऱ्याला निरखून पाहिलं आणि विचारलं, "हे पावणे कोण म्हणायचे?"

"मी कडूचा भाऊ," दत्तराव म्हणाला. "एकच बहीण हाय मला."

बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या. आई बघत होती, म्हणून जीवनने मान आणखी खाली घातली.